गुरुवारची केस

मिलिंद,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल गच्च भरला होता. जिन्यापर्यंत लोक उभे होते. मी शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसले होते आणि मला इतका राग येत होता, की शेजारच्या बाईंनी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना वाटलं, रडू आवरतेय. बुद्धवंदना झाली आणि मग एकामागून एक माणसं माईकवर यायला लागली. कुणी म्हणालं, देवमाणूस गेला. तू देव मानत नव्हतास हे त्या हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं, तरी तुला देवमाणूस करून टाकलं. तू असतास तर कोपराने ढोसून म्हणाला असतास, बघ, मेल्यावर प्रमोशन. मग एक जण उठले आणि म्हणाले, डॉक्टरांनी पेशंटसाठी देह झिजवला, शेवटच्या दिवशीसुद्धा अकरा तास टेबलापाशी उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे माझं डोकं फिरलं.

तुझ्या संध्याने पुढच्या रांगेतून मला खूण केली, तू बोल. मी मान हलवली. तिला वाटलं असेल, हिला बोलवत नाही. खरं म्हणजे मला खूप बोलायचं होतं, पण ते तिच्यासमोर आणि तुझ्या आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आज सुट्टी टाकून तुलाच लिहायला बसलेय. तुला माझं बोलणं अर्ध्यात तोडायची सवय होती. आज पूर्ण ऐक.

बावीस वर्षं आपण एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मध्ये हिरवा पडदा. पलीकडे तू आणि उघडलेलं पोट, अलीकडे मी, पेशंटचं डोकं, श्वासाची नळी आणि माझा मॉनिटर. भूल देणाऱ्या बाईचं काम माणसाला झोपवण्याचं, असं सगळ्यांना वाटतं. झोपवायला दोन मिनिटं लागतात. पुढचे दहा-बारा तास मी त्याला जिवंत ठेवत असते, आणि पलीकडे तू आपल्याच तंद्रीत. तुझा अख्खा चेहरा मी तसा कमीच पाहिला. पडद्यावरून दिसायचं ते कपाळ आणि चष्मा. पण त्या कपाळावरून मला कळायचं, आत रक्त लागलंय, की गाठ सुटत नाहीये, की तुला नुसती भूक लागलीये. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. तुझं कपाळ मला वाचता येत होतं.

पोटात पसरलेल्या कॅन्सरचं काम तू घेतलंस तेव्हा सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं होतं. गाठ एका जागी असली की सर्जन ती काढतो, पेढे खातो आणि नाव कमावतो. तुझ्याकडे यायचे ते दुसऱ्यांनी हात टेकलेले लोक. आतड्यांवर, यकृताखाली, पोटाच्या आतल्या अस्तरावर साबुदाणा सांडावा तसा पसरलेला आजार. तो तू दाणा दाणा वेचायचास. मग पोटात दीड तास गरम केमोचं पाणी फिरवायचं, आणि इतकं करून पुढे काय होईल याची हमी नाही. आपले एक सीनियर तुला म्हणाले होते, हे सर्जनचं काम नाही रे, ही हमाली आहे. तू म्हणालास, सर, हमालही लागतोच ना कुणीतरी. मी तिथेच उभी होते. त्या दिवशी मी मनात ठरवलं, की हा मूर्ख जिथे जाईल तिथे भूल मी देणार. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतास.

आणि तुझा तो राग. पेशंट आठ-आठ महिने अंगावर काढून यायचे, त्याचा राग. कुणी ओव्याचं पाणी पीत होतं, कुणाला सोसायटीतल्या वहिनींनी पोटाला तेल चोळायला सांगितलं होतं, कुणी फॅमिली डॉक्टरकडून गॅसच्या गोळ्या नेत होतं. ओपीडीत तुझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत यायचा. पोट फुगतंय, भूक मेलीये, आणि तुम्ही ॲसिडिटीचं गुलाबी औषध पीत बसलात? मी किती वेळा सांगितलं, मिलिंद, ओरडू नकोस, घाबरलेली माणसं आहेत. तू म्हणायचास, घाबरायला आठ महिने होते त्यांच्याकडे. आता ऐक. तू गेलास त्या शुक्रवारी संध्याने तुझा कोट माझ्या हातात दिला, तेव्हा त्याच्या खिशात काय होतं सांगू? ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी. दहातल्या सात संपलेल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तुझी एक पद्धत होती, ती आपल्या हॉस्पिटलात कुणालाच आवडायची नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू पेशंटच्या खोलीत जायचास आणि नातेवाइकांना बाहेर काढायचास. नवरा असो, मुलगा असो, मामा पोलिसात असो, सगळे बाहेर. मग पलंगाच्या कडेला बसून विचारायचास. शौचासाठी पोटाला पिशवी लावावी लागली तर चालेल का? सगळं निघत नाही असं दिसलं तर कुठे थांबू? बरं वाटल्यावर घरी जाऊन पहिलं काय करायचंय? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी भूल दिल्यावर, सिस्टर लीना सुरी हातात धरून उभी असताना, तू ती सगळी उत्तरं आम्हाला मोठ्याने सांगायचास. त्याशिवाय सुरी हातात घ्यायची नाही. नव्या मुलांना आधी हसू यायचं. नंतर तेही कान देऊन ऐकायला लागायचे.

अण्णांच्या वेळी तू मलाही बाहेर काढलंस. माझे वडील, मुलुंडला माझ्याच घरी राहणारे, मी स्वतः डॉक्टर. मी तुझे हात धरून सांगितलं होतं, की अण्णांना कॅन्सर म्हणू नकोस, आम्ही त्यांना अल्सर सांगितलंय, ते धसका घेतील. तू म्हणालास, नीलू, पोट अण्णांचं आहे. आणि माझ्या तोंडावर दार लावलंस. वीस मिनिटं मी माझ्याच हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये नातेवाइकासारखी उभी होते. बाहेर आलास आणि म्हणालास, त्यांना ऑपरेशन नकोय, आणि त्यांना कॅन्सर आहे हे महिन्याभरापासून माहीत आहे, तू घाबरशील म्हणून गप्प होते. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. पुढचे चार महिने अण्णा घरीच होते. खिडकीत बसून पेपर वाचला, भावाशी वीस वर्षांचा अबोला मोडला, माझ्या हातचं वरण बेचव असतं हेही सांगून घेतलं. ते चार महिने आम्हाला तुझ्यामुळे मिळाले. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तेव्हा राग होता, नंतर लाज वाटली, आणि मग इतके दिवस उलटले की विषय काढणं अवघड झालं. आज मानते.

पण त्या वीस मिनिटांत अण्णा तुला काय म्हणाले, ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. विचारलं की म्हणायचास, पेशंटचं पेशंटपाशी. आता ते दोघांनाही विचारता येत नाही. याचाही मला राग आहे, यादीत लिहून ठेव.

आपलं खरं भांडण दुसरंच होतं. कुठे थांबायचं, हे. बोरिवलीचे ते काका आठव, बँकेतून रिटायर झालेले, पहाडी आवाजाचे. त्यांनी तुला सांगितलं होतं, अर्धवट सोडू नका, मला अर्धवट काम आवडत नाही. चौथ्या तासाला त्यांचं ब्लडप्रेशर माझ्या हातात राहत नव्हतं. मी पडद्यावरून म्हणाले, मिलिंद, बंद कर. तू मान वर केली नाहीस. दोन तासांनी पुन्हा म्हणाले. तू म्हणालास, अजून थोडं. काकांना तू टेबलावरून नीट उठवलंस, पण पुढे आयसीयूत ते एकोणीस दिवस झगडले आणि गेले. त्या दुपारी डॉक्टर्स रूममध्ये, दोन ज्युनियर बसलेले असताना, मी बोलून गेले, मी सांगितलं होतं तुला.

तू उठलास, तुझा कप विसळलास, जागेवर ठेवलास आणि एवढंच म्हणालास, "ते त्यांचं उत्तर होतं, नीलू. तुझं नव्हतं." पुढचा महिनाभर आपण फक्त कामापुरतं बोललो. मला वाटत होतं मी बरोबर आहे. अजूनही वाटतं. माणसाला काय हवंय ते विचारावं, हे मान्य, पण बेशुद्ध पडलेल्या माणसाला मध्येच बदललेलं मत सांगता येत नाही, तेव्हा कुणीतरी त्याच्या वतीने थांबायला पाहिजे. तू म्हणायचास, त्याच्या वतीने म्हणजे कुणाच्या? तुझ्या का माझ्या? हे भांडण आपण कॅन्टीनमध्ये, पार्किंगमध्ये, तुझ्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या मागे उभे राहून केलं, आणि ते कधीच संपलं नाही. मात्र डॉक्टर्स रूममधल्या त्या वाक्यानंतर मी एक ठरवून टाकलं. मिलिंदला पुन्हा बंद कर म्हणायचं नाही. जे सांगायचं ते मॉनिटरवरचे आकडे सांगतील. त्याचा निर्णय त्याने घ्यावा. मला तेव्हा हे मोठं समजूतदारपणाचं वाटलं होतं.

आता मंगळवार.

छोटी केस होती, दोन तासांत संपली. तू हातमोजे काढलेस आणि भिंतीला टेकून उभा राहिलास. डाव्या हाताने जबडा चोळत होतास. मी विचारलं, दात दुखतोय? तू म्हणालास, ॲसिडिटी गं, छातीत जळजळतंय, सकाळी वडापाव खाल्ला. बावीस वर्षांत तुला वडापावने कधी काही झालं नव्हतं. मी तुला धरून रिकाम्या ट्रॉलीवर झोपवलं. सिस्टर लीनाने दार लावलं. तू नाटकं करत होतास, हात जोडून सिस्टरला म्हणत होतास, वाचवा, ही बाई भूल देईल. आम्ही वायरी लावल्या आणि ईसीजी काढला. कागद बाहेर आला, मी पाहिला, मग तू माझ्या हातातून ओढून घेतलास. तू सर्जन असलास तरी तेवढं तुलाही वाचता येत होतं. दोन-तीन ठिकाणी रेघ जिथे वर जायला हवी तिथे खाली गेली होती.

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता रक्त तपासू आणि हार्टवाल्यांना बोलावू. तू उठून बसलास. शर्टाची बटणं लावत म्हणालास, गुरुवारी रंजनाची केस आहे.

रंजना नाहूरची. नवरा-बायको मिळून पोळीभाजी केंद्र चालवतात, ऑफिसवाल्यांचे डबे देतात. एकेचाळीस वर्षांची, पोटभर पसरलेला आजार, पण केमोने बराच आटोक्यात आलेला. तू दोन महिने तिच्या तारखेची वाट पाहत होतास. गरम केमोचं मशीन आपलं स्वतःचं नाही, ते बाहेरून मागवावं लागतं, आणि गुरुवार हुकला की पुढची तारीख थेट बारा दिवसांनी होती. मी म्हणाले, बारा दिवसांनी कर. तू म्हणालास, तिला मी जबान दिलीये यार. शुक्रवारी सकाळी अकराची वेळ घेतो, स्वतः जाऊन अँजिओग्राफीला झोपतो. माझ्यासमोर फोन लावून वेळ घेतलीस. वर म्हणालास, "आता तरी तोंड वाकडं करू नकोस. एक गुरुवार काढ माझ्यासाठी."

आणि मी काढला.

मिलिंद, हे मला माईकवर सांगायचं होतं. भूल देणारी नाही म्हणाली की केस होत नाही. सर्जन कितीही मोठा असो, ट्रस्टी फोन करोत, केस होत नाही. तो एकच अधिकार मला आहे आणि तो मी तुझ्यावर हजारदा वापरला. कुणाला खोकला होता म्हणून, कुणाचं पोटॅशियम कमी होतं म्हणून. एका भल्या माणसाने सकाळी चोरून दोन बिस्किटं खाल्ली होती, तेवढ्यावरून मी तुझी दहा तासांची केस रद्द केली होती आणि तू दिवसभर मला बिस्किटबाई म्हणत होतास. बिस्किटं खाल्लेल्या पेशंटला मी परत पाठवते. आणि बिघडलेला ईसीजी घेऊन सर्जन सुरी उचलतो तेव्हा मी गॅसची नळी जोडते. कारण आमच्या तपासणीच्या कागदावर सर्जनच्या तब्येतीचा रकाना नाही. कारण बोरिवलीच्या काकांनंतर मी तुझ्याशी वाद घालायचं सोडलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ती केस करायची होती. रंजनाचे स्कॅन पाहून मलाही वाटत होतं, की हिचं सगळं निघेल. बऱ्याच दिवसांत आपल्याला असं वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तू तिची उत्तरं सांगितलीस. पिशवी चालेल. कुठे थांबू याचं उत्तर, सर, तव्यावरची पोळी बघणाऱ्याला कळतं, तसं तुम्हाला कळेल. घरी जाऊन पहिलं स्वतःच्या हातचा चहा, कारण नवऱ्याच्या हातचा पिऊन कंटाळा आलाय. सगळे हसलो. तू सुरी मागितलीस.

आठ तास तू वेचत होतास. सुंदर काम केलंस, मी तुला टेबलावर इतकं शांत फार क्वचित पाहिलं असेल. मग गरम केमो सुरू झाली. त्या दीड तासात तू नेहमी बाहेर जाऊन संध्याने दिलेला डबा खायचास आणि परत येताना मला चहा पाठवायचास. त्या दिवशी तू बाहेर गेला नाहीस. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलास, भिंतीला डोकं टेकून. माझं लक्ष रंजनाच्या तापमानाकडे होतं, ते चढत होतं, मी बर्फाच्या पिशव्या लावत होते. मध्येच मी विचारलं, बरा आहेस ना? तू म्हणालास, गरम होतंय. खरंच गरम होत होतं, सगळ्यांनाच घाम होता. पण मी तुझं कपाळ पाहिलं होतं. वर लिहिलंय ना मी, मला ते वाचता येत होतं. मी वाचलं, आणि पुन्हा मॉनिटरकडे वळले.

पुढे जोडाजोड करायला अजून दीड तास. जाताना तू म्हणालास, झकास झालं ना? मी म्हणाले, उद्या अकरा वाजता, विसरू नकोस. तू अंगठा दाखवलास.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला संध्याचा फोन आला, की हे बाथरूममधून बाहेर येत नाहीयेत. मुलुंडहून घाटकोपर, हायवेवर सिग्नल मोडत आले. तुमच्या मजल्यावरच्या लोकांनी दार तोडून तुला हॉलमध्ये आणलं होतं. मी पोचले तेव्हाच मला दिसत होतं, की उशीर झालाय. दुसऱ्या कुणाचं असतं तर नाडी बघून मी उठले असते. तुझी छाती मी दाबत राहिले. ॲम्ब्युलन्सची मुलं आली, त्यांनाही हात लावू देईना. शेवटी तुझी आई जमिनीवर माझ्या बाजूला बसली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाई, सोड आता त्याला. दुखत असंल." मग मी थांबले. कुठे थांबावं यावरून मी तुझ्याशी इतकं भांडले, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मलाही ते दुसऱ्याने सांगावं लागलं.

त्या दिवशी दुपारी रंजनाची श्वासाची नळी निघाली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. तिच्या नवऱ्याला बातमी कळली होती. त्याने मला पॅसेजमध्ये गाठून हात जोडले. मॅडम, तिला आत्ता नका सांगू, धसका घेईल. आणि मी, जिने अण्णांच्या वेळी सगळं शिकायला हवं होतं, ती म्हणाले, बरं. रेसिडेंट डॉक्टरने तिला सांगितलं, सर कॉन्फरन्सला दिल्लीला गेलेत. पाच दिवस सगळा वॉर्ड ते खोटं बोलत होता. आया, मावश्या, डाएटिशियन, सगळे. तुझ्या शेवटच्या पेशंटशी. मी रोज तिच्या दारावरून जायचे आणि आत जायचे नाही. ती सगळ्यांना एकच विचारत होती. किती निघालं ते सर स्वतः सांगणार होते, मग मला न सांगता गेले कसे?

बुधवारी मी आत गेले. ती उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, पोटाच्या दोन्ही बाजूंनी नळ्या. मी तिच्या नवऱ्याला म्हणाले, तुम्ही जरा बाहेर थांबा. तो थांबायला तयार नव्हता. मी दार लावून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसले. आधी तिला सांगितलं, की सगळं निघालं. डोळ्यांना दिसेल असं काहीही सरांनी आत ठेवलेलं नाही, आणि पिशवीही लावावी लागली नाही. तिने चादरीखालून हात फिरवून खात्री करून घेतली. हसली. मग म्हणाली, हे सरांनी का नाही सांगितलं?

मी सांगितलं, सर गेले. शुक्रवारी सकाळी, हार्ट ॲटॅकने.

 ती रडली नाही. मग तिने सरळ विचारलं, त्यांना आधीपासून काही होत होतं का? इथे मी नाही म्हणू शकले असते. तिच्या पोटाला ताजे टाके होते, नाही म्हणायला कारण चांगलं होतं. पण मी तिथे तुझ्या जागी बसले होते. मी म्हणाले, मंगळवारी छातीत दुखलं होतं. ईसीजी चांगला नव्हता. त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तुमची तारीख हुकू नये म्हणून त्यांनी ऑपरेशन केलं, आणि थांबवायचा अधिकार मला होता, तरी मी थांबवलं नाही. तुमचा यात काही दोष नाही.

"पुढची तारीख कधीची होती?" तिने विचारलं.

"बारा दिवसांनी."

"बारा दिवसांत माझं काही बिघडलं असतं?"

"नाही."

 तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याहून जास्त राग होता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू तिच्या पलंगावर बसून तिला सगळं विचारलं होतंस, पिशवीचं, थांबण्याचं, चहाचं.

"मग मला विचारायचं ना, मॅडम," ती म्हणाली. "मी थांबले असते."

तू असतास तर तिला काय म्हणाला असतास, मिलिंद?